तुमचे प्रश्न : स्पॅनिश पक्की करायला स्पेनला जाताना

स्पॅनिश शिकणाऱ्या गोव्यातल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रं या वेळी बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. स्पॅनिश शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष क्लास करून ए२ पातळी पूर्ण झाली. या सुट्टीत चार आठवडे सालामांकाला जावं, की पैसे साठवून पुढच्या वर्षी तीन महिने जावं?
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : पुढच्या वर्षी जा, तीन महिने जा, आणि तोवर इथेच पुढची पातळी, बी१, पूर्ण करा. (ए१ ते सी२ या भाषाज्ञानाच्या युरोपीय पातळ्या.)

आधी तासांचा हिशेब पाहा. माहितीपत्रकात ‘आठवड्याला २० तासिका’ असं असतं. ही तासिका पुष्कळदा ४५ किंवा ५० मिनिटांची असते. ४५ची धरली तर आठवड्याला १५ तास, चार आठवड्यांत ६०. एक पातळी चढायला, म्हणजे बी१वरून बी२ला जायला, साधारण दीडशे ते दोनशे तास शिकावं लागतं. बारा आठवड्यांत १८० तास होतात. चार आठवड्यांच्या मुक्कामात पहिला आठवडा वाटा आणि वेळा कळण्यात जातो, तिसऱ्यात कान उघडू लागतो, आणि लगेच बॅग भरायची वेळ येते.

ए२ घेऊन गेल्यावर आणखी एक अडचण येते. दुकानात तुम्ही प्रश्न नीट विचारता, पण समोरच्याने उलट प्रश्न केला की गाडी अडते आणि तो इंग्रजीवर येतो. बी१वाल्याला ‘कारण’, ‘पण’, ‘जर’ जोडून तीन-चार वाक्यं सलग बोलता येतात, त्यामुळे संभाषण स्पॅनिशमध्येच राहतं. क्रियापदांची रूपं मडगावच्या खोलीत बसूनही पाठ होतात. त्यासाठी युरो मोजू नका.

सालामांकाची निवड चांगली आहे. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, गाव पायी फिरण्याजोगं, बोली नव्या माणसाच्या कानाला सोपी. जमलं तर तीन महिन्यांत मे येईल असं बघा. तेव्हा तिथलं सत्र चालू असतं आणि स्पॅनिश मुलंमुली गावात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ती घरी जातात आणि रस्ता परदेशी विद्यार्थ्यांनी भरतो. शरद सत्राला जाणार असाल तर लक्षात ठेवा, गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबरच्या सकाळी गोव्यातलं स्वेटर पुरणार नाही.

प्रश्न : शाळेत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेतली होती, आणि आजी घरी थोडी बोलते. स्पॅनिशला याचा फायदा होईल ना? आमच्या शिक्षिका म्हणतात, पोर्तुगीज विसर.
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : विसरू नका. दोन भाषांमधले पूल कुठे आहेत आणि खड्डे कुठे आहेत, तेवढं ओळखून ठेवा.

पूल आधी. पोर्तुगीजमधल्या शब्दारंभीच्या ‘श’च्या जागी स्पॅनिशमध्ये पुष्कळदा ‘य’ येतो. ‘शाव्ह’ची ‘याबे’ होते (आपली चावी तीच), पावसाची ‘शूव्हा’ ‘यूबिया’ होते, ‘शमार’ (हाक मारणं) ‘यामार’ होतं. आरंभीचा ‘फ’ बऱ्याच शब्दांत गळतो : ‘फारिन्या’ (पीठ) ‘आरीना’, ‘फाझेर’ (करणं) ‘आसेर’, ‘फिल्यू’ (मुलगा) ‘ईखो’. नाकातला ‘आंव’ सरळ ‘न’वर येतो : पांव ‘पान’ होतो, कोरासांव (हृदय) ‘कोरासोन’. आपला सांव जांवचा सण तिथे ‘सान ख्वान’ होतो. दिवस तोच २४ जून, फक्त विहिरीत उड्या नसतात, आदल्या रात्री होळ्या पेटतात. पगार, मेज, साबण, बटाटा हे आपले शब्द पोर्तुगीजशी जुळतात. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, मग ‘मेसा’, ‘खाबोन’, ‘पाताता’. अशा शंभर जोड्या वहीत लिहिल्या की वाचन झपाट्याने सुटतं.

आता खड्डे. ‘लार्गो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये रुंद, स्पॅनिशमध्ये लांब. ‘ओफिसीना’ पोर्तुगीजमध्ये कारागिराची वर्कशॉप, स्पॅनिशमध्ये कचेरी. आजीच्या तोंडी ‘इश्किझीतु’ म्हणजे विचित्र, पण स्पेनमध्ये जेवणाला ‘एक्स्किसीतो’ म्हटलं की यजमानीण खूश होते, कारण तिथे त्याचा अर्थ अतिशय चविष्ट. पोर्तुगालमध्ये ‘प्रोपीना’ म्हणजे विद्यापीठाची फी, स्पेनमध्ये वेटरला दिलेली बक्षिसी. कोर्सच्या कार्यालयात फीसाठी हा शब्द वापरू नका.

सगळ्यात चिवट चूक मात्र लिंगाची असते. दूध, मीठ, रक्त आणि नाक हे शब्द पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी आहेत, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी : ‘ला लेचे’, ‘ला साल’, ‘ला सांग्रे’, ‘ला नारीस’. झाड आणि रंग यांचं नेमकं उलट आहे. पोर्तुगीजमधले ‘-आजें’ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी, तर स्पॅनिशमधले त्यांचे ‘-आखे’वाले भाऊ पुल्लिंगी : प्रवास म्हणजे ‘एल व्याखे’. शब्द सुटा पाठ करू नका, ‘एल’ किंवा ‘ला’ जोडूनच करा.

एक इशारा शहराबद्दल. सांतियागो दे कोम्पोस्तेला सुंदर आहे, पण तिथली गालिसियन भाषा पोर्तुगीजच्या अगदी जवळची. पाट्यांवर आणि बाजारात ती भेटत राहील, आणि तुमच्या डोक्यातल्या दोन भाषा पुन्हा एकमेकींत मिसळतील. तुम्ही वायादोलीद किंवा सालामांका निवडा.

प्रश्न : मुलीला नऊ महिन्यांच्या स्पॅनिश कोर्सला प्रवेश मिळत आहे. कागदपत्रांची सुरुवात कुठून करायची? एजंट म्हणतो, आधी तीन महिन्यांच्या व्हिसावर पाठवा, तिथे वाढवता येईल.
— एक पालक, डिचोली

उत्तर : एजंटाचा हा सल्ला मानू नका. ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) होतो, त्यापुढे विद्यार्थी व्हिसा लागतो आणि तो इथूनच काढून जायचा. शेंगेनचे ९० दिवस कुठल्याही १८० दिवसांत मोजतात. त्यात पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात, शनिवार-रविवारी लिस्बनला गेलात तर तेही धरतात. बारा आठवड्यांच्या कोर्सचेच ८४ दिवस होतात.

नऊ महिन्यांसाठी पहिलं पाऊल कोर्सचं पत्र. त्यात आठवड्याला किमान २० तास शिकवणं आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. वर मडगावच्या विद्यार्थिनीला सांगितलेली ४५ मिनिटांची तासिका इथे घात करते : २० तासिका म्हणजे १५ तास, आणि अर्ज अडतो. शाळेला इन्स्टिट्यूटो सर्वांतेसची (स्पॅनिश भाषेसाठीची स्पेनची सरकारी संस्था) मान्यता आहे का, तेही पैसे भरण्याआधी पाहा.

मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्याने पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागेल, ते पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. डॉक्टरांचा दाखलाही लागेल. त्यात २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचा उल्लेख हवा, नुसतं ‘प्रकृती ठणठणीत’ चालत नाही. ज्या कागदांना अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, लागतो, त्यांचा क्रम असा : राज्य सरकारने दिलेल्या कागदावर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील, आणि शेवटी शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. लोक घाईत आधी भाषांतर करून घेतात. मग अपोस्टीलचा शिक्का भाषांतराबाहेर राहतो आणि पुन्हा पैसे जातात.

खर्चाची ऐपत दाखवायचा आकडा इप्रेम नावाच्या सरकारी मापावर ठरतो. २०२३मध्ये हे माप महिना ६०० युरो झालं, म्हणजे नऊ महिन्यांचे ५,४०० युरो, प्रवास आणि फी वेगळी. अर्जाच्या वर्षीचा आकडा तपासून घ्या. रक्कम खात्यात आदल्या आठवड्यात एकदम आलेली दिसली की प्रश्न विचारले जातात, म्हणून काही महिने आधीपासून ठेवा. विमा साधा प्रवासाचा नको. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, रुग्णाने स्वतः काही भरायचं नाही अशा अटीचा पूर्ण आरोग्य विमा हवा. शिकता शिकता नोकरी करून खर्च भागेल, असं भाषेच्या कोर्सला धरून चालू नका.

गोव्यात एक अडचण हमखास निघते, ती आडनावाच्या स्पेलिंगची. वडिलांच्या जुन्या जन्मनोंदीत नाईक, कामत, प्रभू ही आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, बँकेत वेगळी आणि मुलीच्या पासपोर्टवर तिसरीच. खर्च तुम्ही उचलणार असाल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे दाखवणारा कागद आधी तयार करा. आणि अर्जात ‘दुसरं आडनाव’ असा रकाना असतो, तो स्पॅनिश लोकांसाठी. तिथे वडिलांचं नाव घालू नका. पासपोर्टवर आडनाव एकच असेल तर रकाना कोरा सोडा.

गोव्याचे अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीच्या कक्षेत येतात. स्पेनला पोहोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो : ईएक्स-१७ हा फॉर्म, ७९०-०१२ या नमुन्याने भरलेलं शुल्क, फोटो आणि बोटांचे ठसे. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती पटकन मिळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात शोधायला बसा. त्याच आठवड्यात नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिला ‘एम्पाद्रोनामिएंतो’ म्हणतात, तीही करून टाका. घर भाड्याने घेताना मालकाला आधीच विचारा, या नोंदीला तुमची हरकत नाही ना?

प्रश्न : आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर स्पेनचा व्हिसा लागणार नाही, असं मित्र सांगतात. खरं का?
— एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : पोर्तुगीज नागरिक हा युरोपीय संघाचा नागरिक, त्याला स्पेनचा व्हिसा लागत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास नोंदणी करावी लागते, इतकंच. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मग इथलं मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी यांवर थेट परिणाम होतो. एका भाषेच्या कोर्ससाठी असा निर्णय घेऊ नका. घरच्यांनी इतर कारणांसाठी तो विचारपूर्वक घेतला असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : मुलगी पूर्ण शिवराक (शाकाहारी) आहे. तिथे तिचं कसं होईल?
— एक आई, साखळी

उत्तर : होईल, पण ‘मी मांस खात नाही’ एवढं वाक्य पुरत नाही. ‘कार्ने’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मटणाचा तुकडा येतो, डुकराचं खारवलेलं ‘खामोन’ किंवा डब्यातला ट्युना मासा येत नाही. ‘एन्सालादा मिक्स्ता’ नावाच्या साध्या सॅलडवर ट्युना असतो, मसुरीच्या आमटीत ‘चोरीसो’ (डुकराच्या मांसाचं सॉसेज) शिजवतात, साल्मोरेखोवर (टोमॅटोचं थंड सूप) खामोन भुरभुरतात. मुलीला पूर्ण वाक्य पाठ करायला सांगा : ‘नो कोमो कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी काल्दो दे कार्ने’. शेवटचे शब्द मांसाच्या रश्शाचे. अंडं चालत असेल तर बटाट्याची ‘तोर्तिया’ सगळीकडे मिळते. पालक-चणे, पिस्तो (भाज्यांची मिसळ), भाजलेल्या मिरच्या पोटभर होतात. यजमान कुटुंबाला हे जाण्याआधीच लेखी कळवा. दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊनंतर असतं, म्हणून पिशवीत चण्याफुटाण्यांची पुडी असू द्या.

प्रश्न : सर म्हणतात, इंग्रजीत विचार करून स्पॅनिश बोलू नकोस. पण पुस्तक तर इंग्रजीतलं आहे. मग विचार करायचा कशात?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : मराठीत करा. सुरुवातीला तरी हीच वाट जवळची आहे.

‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.’ क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, तुमच्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्ये हेच : ‘मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनोन्‌महिने अडखळतो. ‘मला वाटतं’ म्हणजे ‘मे पारेसे’, ‘मला दुखतं’ म्हणजे ‘मे दुएले’, हे त्याच घरातले.

भूतकाळाचं तसंच. ‘गेलो’ म्हणजे ‘फुई’, ‘जायचो’ म्हणजे ‘इबा’. कुठलं रूप वापरायचं असा प्रश्न पडला की वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘-यचो’ किंवा ‘-त होतो’ आलं तर बहुतेक वेळा ‘इबा’चं रूप बरोबर ठरतं. ‘आज जेवलोय’ला स्पेनमध्ये ‘ओई ए कोमीदो’ म्हणतात, ‘काल जेवलो’ला ‘आयेर कोमी’.

ज्या ‘सुबखुंतीवो’ला (इच्छा, आशा, शक्यता सांगणारं क्रियापदाचं रूप) सगळे घाबरतात, त्याची निम्मी जागा आपला विध्यर्थ भरतो. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ : ‘किएरो के बेंगास’. ‘पाऊस पडावा अशी आशा आहे’ : ‘एस्पेरो के युएबा’. मराठीत ‘-वं, -वा, -वी’ आलं की कान टवकारा. मात्र ‘तू येशील तेव्हा’ इथे मराठी साधा भविष्यकाळ वापरते, स्पॅनिश पुन्हा सुबखुंतीवो : ‘क्वांदो बेंगास’. हे वेगळं पाठ करावं लागेल.

‘सेर’ आणि ‘एस्तार’साठी आपल्याकडे एकच ‘आहे’. तरी विशेषणात फरक दिसतो : ‘एस आबुरीदो’ म्हणजे कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुरीदो’ म्हणजे कंटाळलेला आहे.

उच्चारातही हेच. स्पॅनिशचे त, द दातांचेच आहेत, ते ट-ड करू नका. प, त, क यांत हवा सोडू नका. ‘ञ’ आपल्याकडे आहेच. ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांत जीभ दुसऱ्या वेळी थरथरली पाहिजे. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘झेड’चा उच्चार थ-सारखा भासतो, पण थ म्हणताना जीभ दातांवर आपटते, इथे ती दातांमध्ये हलकी ठेवून हवा जाऊ द्यायची.

प्रश्न : ग्रानादाला येऊन पाच आठवडे झाले. वर्गात सगळं कळतं, बसमध्ये काहीच नाही. फ्लॅटमध्ये दोघी भारतीयच आहेत. घरी फोन केला की आई विचारते, बोलायला लागलीस का? खूप निराश वाटतं.
— गोव्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर : पाचव्या आठवड्यात असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. यात तुमची हुशारी कमी पडलेली नाही, कानाला वेगळी बोली पडते आहे. आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळतो किंवा ‘ह’सारखा होतो, आणि ‘-आदो’चा ‘-आओ’ होतो. ‘कोमो एस्तास’ ऐकू येतं ‘कोमो एहता’, ‘पेस्कादो’ होतो ‘पेहकाओ’. ग्रानादाच्या भागात तर अनेकवचनाचा ‘स’ गळून आधीचा स्वर तोंड मोठं उघडून म्हणतात. आपणही ‘बघितलंस का’चं ‘बघितलंस्का’ करतो. शिक्षिका वर्गात सावकाश आणि प्रमाण बोलतात, ड्रायव्हर त्याच्या घरची भाषा बोलतो.

रोज वीस मिनिटं एवढंच करा. कानाल सूर या आंदालुसियाच्या सार्वजनिक वाहिनीवरची एक मिनिटाची मुलाखत घ्या, बातमीपत्र नको. तीनदा ऐका. ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा, ‘ह’ तर ‘ह’. मग शेजारी पूर्ण स्पॅनिश शब्द मांडा आणि शेवटी बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच वेगाने म्हणा. गळलेले ‘स’ कुठे असतात हे हाताने लिहिलं की दोन-तीन आठवड्यांत कानाला कळू लागतं.

फ्लॅटमधल्या मैत्रिणीशी भांडू नका, करार करा : रात्रीच्या जेवणापर्यंत दोघींनी स्पॅनिशच बोलायचं. एखादा शब्द अडला तर फिरवून सांगायचा. पुढच्या महिन्यात शक्य असेल तर स्पॅनिश मुलींबरोबर खोली घ्या. भाषेची अदलाबदल, म्हणजे ‘इंतरकांबियो’, करायची तर घड्याळ लावून, अर्धा तास स्पॅनिश आधी, अर्धा तास इंग्रजी नंतर. इंग्रजी आधी घेतली की स्पॅनिशची पाळी येतच नाही.

भाजी सुपरमार्केटमधून घेणं बंद करा, मंडईत जा. तिथे रांग दिसत नाही. आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं असतं : ‘किएन एस एल उल्तिमो?’ शेवटचं कोण? कुणीतरी ‘यो’ म्हणतं, मग तुम्ही त्यांच्या मागे. तुमच्यानंतर येणारी बाई तेच विचारते आणि ‘यो’ म्हणायची पाळी तुमची असते. तेवढ्या दहा मिनिटांत टोमॅटो, पाऊस, गुडघे सगळ्यांवर बोलणं होतं आणि तुम्ही त्यात असता. कॉफी मागताना ‘मी कॉफी घेऊ शकते का’ असं इंग्रजी वळण नको, ‘मे पोनेस उन काफे?’ म्हणा. म्हणजे ‘मला एक कॉफी देतोस?’ आपल्याला उद्धट वाटेल, तिथे ते सरळ आणि आपुलकीचं आहे.

आईला सांगा, अजून दोन महिने द्या. आणि पुढच्या फोनवर मंडईत ऐकलेलं एक वाक्य तिला म्हणून दाखवा.

प्रश्न : परत येताना देले द्यावी की सिएले?
— दोन विद्यार्थी, फोंडा

उत्तर : दोन्ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षा. देलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, सिएलेचं पाच वर्षांचं. देलेत पातळी आधी निवडावी लागते आणि निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच. वाचन-लेखनाचा एक गट, श्रवण-संभाषणाचा दुसरा, प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्हींत किमान ३० हवेतच. एकात ४८ आणि दुसऱ्यात २९ पडले तरी नापास. सिएले संगणकावर होते, १,००० पैकी गुण मिळतात आणि त्यावरून पातळी ठरते, म्हणून ‘नापास’ असं काही नाही. प्रवेशाची तारीख जवळ असेल तर सिएले द्या. वेळ असेल आणि बी२चा भरवसा असेल तर देले. देलेच्या तारखा वर्षात ठरलेल्या असतात आणि नोंदणी बरीच आधी बंद होते, म्हणून विमानाचं परतीचं तिकीट काढण्याआधी परीक्षेची तारीख बघा. बी२च्या तोंडी परीक्षेत तयारीला २० मिनिटं मिळतात आणि बोलायचंही २० मिनिटं असतं. तयारीच्या कागदावर वाक्यं लिहू नका, पाच-सहा शब्दच लिहा. वाक्यं लिहिली की माणूस वाचायला लागतो आणि परीक्षक थांबवतो.